गाडीच्या धुरातला न दिसणारा भाग

दुचाकीचं पीयूसी काढलं की हातात एक कागद येतो. त्यावर नंबर प्लेटचा फोटो असतो, इंधनाचा प्रकार असतो आणि दोन आकडे असतात: कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आणि हायड्रोकार्बन किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग). तपासणारा मुलगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, गाडी जागच्या जागी चालू असते आणि मिनिटभरात काम उरकतं. डिझेल गाडी असेल तर रेस करायला लावतात आणि धूर किती प्रकाश अडवतो, म्हणजे किती काळा आहे, ते पाहतात. या सगळ्या तपासणीत फुफ्फुसांच्या तळापर्यंत जाणारे सूक्ष्म कण किती बाहेर पडले हे कुठेही मोजलं जात नाही. वाहनांच्या प्रदूषणातला माणसाच्या जिवाला सर्वांत घातक घटक हाच, आणि पीयूसीच्या कागदावर त्याला रकानाच नाही.

हे कण तयार कसे होतात, शरीरात कुठवर जातात आणि शहरात नेमके कुठे साठतात, हे समजून घेतलं तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. धूळ बसवायला रस्त्यावर पाणी मारणाऱ्या टँकरचा उपयोग कितपत, मोबाइलवरचा हवेचा आकडा चांगला असूनही चौकात घसा का खवखवतो, तोंडाला बांधलेली ओढणी काय अडवते, हे प्रश्न त्यातलेच. उदाहरण पुण्याचं घेतो. मी इथेच राहतो, हे त्याचं एक कारण. दुसरं म्हणजे वाहनांचं शहर म्हणावं तर हेच. २०१८ मध्येच पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे गेली होती आणि तिने शहराच्या लोकसंख्येला मागे टाकलं होतं. त्यातल्या काही गाड्या भंगारात गेल्या असतील, काही गावाकडे असतील, तरीही विद्यापीठ चौकात संध्याकाळी सात वाजता उभं राहिलं की हा आकडा पटतो.

पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण ओळीने मावतील. पण अडीच मायक्रॉन ही वरची मर्यादा झाली. सायलेन्सरमधून थेट निघणारे बहुतेक कण त्याहून खूपच लहान असतात.

इंजिनात इंधन जळतं तेव्हा सगळीकडे सारखी हवा मिळत नाही. डिझेल तर बारीक फवाऱ्याच्या रूपात आत येतं. त्या फवाऱ्याच्या मधल्या भागात प्राणवायू कमी पडतो आणि इंधनातला कार्बन पूर्ण न जळता एकत्र येऊन काजळीचे गोळे बनवतो. एकेक गोळा २०-३० नॅनोमीटरचा. (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर.) हे गोळे एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या वेड्यावाकड्या साखळ्या तयार होतात. गरम धूर बाहेरच्या गार हवेत येतो त्या क्षणी न जळलेल्या इंधनाची आणि इंजिन ऑइलची वाफ या काजळीवर थिजते. या वाफेत कर्करोगाला कारण ठरणारी काही रसायनंही असतात, आणि काजळी त्यांना शरीरात वाहून नेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि २०१३ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणालाच, त्यातल्या कणांसह, पहिल्या गटात टाकलं. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा हा गट आहे, तंबाखूही त्यातच आहे.

दुसऱ्या प्रकारचे कण गाडीतून निघतच नाहीत, ते हवेत तयार होतात. धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडचं काही तासांत नायट्रिक आम्ल होतं. गोठे, खतं आणि सांडपाण्यातून हवेत अमोनिया येतो, थोडा पेट्रोल गाड्यांच्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधूनही. हे दोन भेटले की अमोनियम नायट्रेटचा कण तयार होतो. थंड, दमट हवेत तो टिकतो, उन्हाळ्याच्या दुपारी पुन्हा वायू होऊन जातो. सकाळी हडपसरला निघालेल्या धुराचा कण रात्री भलतीकडेच कुणाच्या तरी श्वासात असू शकतो तो असा. तिसरा प्रकार ब्रेक, टायर आणि रस्ता यांच्या घासण्यातून येतो. त्याबद्दल पुढे.

आता थोडं गणित करू, कारण या विषयातली बरीच गल्लत वजनाच्या आकड्यामुळे होते. हवेतले कण मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या मापात मोजतात. एक माणूस दिवसभरात साधारण ११ हजार लिटर, म्हणजे ११ घनमीटर हवा आत घेतो. हवेत पीएम २.५ चं प्रमाण ६० असेल तर दिवसाला आत गेले ६६० मायक्रोग्रॅम. एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. मिठाच्या मोजक्या दाण्यांएवढं वजन. एवढ्याने काय होणार, असं कुणालाही वाटेल.

पण वजन सारखं असलं तरी संख्या सारखी नसते. अडीच मायक्रॉनचा एक कण आणि ०.१ मायक्रॉनचे कण यांची तुलना करा. व्यासात फरक २५ पट, म्हणून आकारमानात २५ गुणिले २५ गुणिले २५, म्हणजे १५,६२५ पट. एका मोठ्या कणाच्या वजनात पंधरा हजारांहून जास्त लहान कण येतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग २५ पट भरतो. शरीरातल्या पेशींचा संबंध येतो तो या पृष्ठभागाशी आणि त्यावर चिकटलेल्या रसायनांशी. गाडीच्या मागून येणारा ताजा धूर वजनाच्या काट्यावर हलका आणि संख्येने प्रचंड असतो. वजन मोजणारं यंत्र त्याला म्हणूनच फारशी किंमत देत नाही.

नाकातून हवा आत जाताना वळणं घेते. दहा मायक्रॉनचा कण जड असतो. हवा वळली तरी तो सरळ जाऊन नाकाच्या किंवा घशाच्या ओल्या भिंतीवर आपटतो आणि शेंबडातून, कफातून बाहेर पडतो. चौकातून घरी आल्यावर रुमालावर जो काळा डाग दिसतो तो या अडवल्या गेलेल्या कणांचा. उलट टोकाला, ०.०२ मायक्रॉनचा कण इतका हलका असतो की हवेचे रेणू त्याला सतत इकडेतिकडे ढकलत राहतात. तो सरळ रेषेत जातच नाही. भिरभिरत कुठल्यातरी भिंतीला लागतो, आणि तोवर हवा वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसांच्या तळाशी असलेल्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोहोचलेली असल्याने ती भिंत बहुतेक वेळा वायुकोशाची असते. तिथे कफ नाही, कण बाहेर लोटणारे केसही नाहीत. रक्त आणि हवा यांच्यामध्ये एक मायक्रॉनपेक्षाही पातळ पडदा असतो. अतिसूक्ष्म कणांतले काही तो ओलांडून रक्तात जातात.

या दोन टोकांच्या मध्ये ०.३ मायक्रॉनच्या आसपास एक विचित्र पट्टा आहे. हे कण आपटायला फार हलके आणि भिरभिरायला फार जड. ते हवेबरोबर आत जातात आणि त्यातले बरेचसे तसेच बाहेरही येतात. मास्कच्या गाळणीतून निसटायलाही हाच आकार सर्वांत तरबेज. म्हणूनच एन ९५ मास्कची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात: सर्वांत अवघड आकाराचे ९५ टक्के कण अडवले, तर त्याहून लहान आणि मोठे दोन्ही जास्तच अडतात. पाऊसही याच पट्ट्यात कमी पडतो. मोठी धूळ तो धुऊन नेतो, अगदी बारीक कण थेंबांना चिकटतात, मधले बरेचसे तरंगत राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा एवढी चांगली असते त्याचं श्रेय पावसाइतकंच अरबी समुद्रावरून येणाऱ्या जोरदार वाऱ्याला आहे. रस्ते ओले असतात आणि धूळ उडत नाही, हेही त्यात आलं.

ओढणी, स्कार्फ, रुमाल यांचं काय, हा पुण्यातला खरा प्रश्न. कापडाच्या धाग्यांमधली छिद्रं या कणांच्या मानाने प्रचंड मोठी असतात आणि कापड गालाशी कधीच घट्ट बसत नाही. ऊन आणि मोठी धूळ अडते, केस सांभाळले जातात. सूक्ष्म कण मात्र जवळजवळ सगळे आत जातात. चौपदरी घडी केली म्हणून फारसा फरक पडत नाही, कारण मग हवा कापडातून जाण्याऐवजी कडेच्या फटीतून येते.

शरीरात गेल्यावर काय होतं, हे थोडक्यात. लोकांना वाटतं की धुराचा त्रास फुफ्फुसांना, म्हणजे खोकला आणि दमा. तो आहेच. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे जगभरात ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यातले दोन तृतीयांशांच्या आसपास हृदयविकाराने आणि पक्षाघाताने. वायुकोशात अडकलेल्या कणांशी शरीराच्या संरक्षक पेशी झुंजतात, त्यातून दाह होतो आणि त्याची रसायनं रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांच्या भिंती ताठर होतात, आत चरबीचे थर लवकर साठतात, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा कल वाढतो. अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या आठ हजारांवर प्रौढांची हार्वर्डच्या संशोधकांनी १४ ते १६ वर्षं नोंद ठेवली आणि १९९३ मध्ये निष्कर्ष छापले. सिगारेट, वजन, वय यांचा हिशेब वेगळा केल्यावरही सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघालं. सूक्ष्म कणांसाठी जगभर जे नियम झाले त्यांच्या मुळाशी हा अभ्यास आहे. छातीत कळ येऊन वारलेल्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टर हृदयविकारच लिहितात. ते बरोबरच असतं, पण चौकातला धूर त्या कागदावर कधी येत नाही.

आता टँकरच्या पाण्याकडे येऊ. काहीही दळलं, घासलं, चिरडलं तर त्याचे कण काही मायक्रॉनपेक्षा फारसे बारीक होत नाहीत. माती, सिमेंट, खडीचा चुरा यांचे बहुतेक कण म्हणूनच मोठे असतात आणि पीएम १० मध्ये, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांत, मोजले जातात. जळण्यातून निघणारे कण वायूपासून बनत जातात, म्हणून ते बारीकच राहतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या सहा शहरांमध्ये प्रदूषणाचा उगम शोधायला पाहणी केली होती, तिचं पुण्यातलं काम एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केलं. पीएम १० मध्ये सर्वांत मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीचा निघाला. हे खरंच आहे, खोदलेले रस्ते आणि उघड्यावरचा राडारोडा आपल्याला दिसतोच. पण त्याचा अर्थ आपण चुकीचा लावला. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात १३० च्या आसपास शहरं घेतली, पुणे आणि मुंबईही. शहरांनी किती प्रगती केली हे बघायला मोजमाप धरलं पीएम १० चं. पीएम १० कमी करायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे झाडणं आणि पाणी मारणं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये हिशेब मांडला तेव्हा खर्च झालेल्या निधीपैकी ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर गेलेला दिसला आणि वाहतुकीवर १३ टक्क्यांच्या आसपास. जे मोजलं त्यावर खर्च झाला. धूळ आवरलीच पाहिजे, तिच्यात ब्रेकमधला तांब्या-लोखंडाचा चुरा आणि टायरचं रबरही असतं. पण झाडणारं यंत्र डिझेलच्या काजळीला हातही लावू शकत नाही.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा अंतराचा. धावत्या रस्त्याच्या कडेपासून आत चालत गेलं की ताज्या काजळीचं आणि अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण झपाट्याने उतरतं. दीडशे ते तीनशे मीटरवर ते परिसरातल्या सर्वसाधारण पातळीला येतं. पीएम २.५ च्या एकूण वजनात मात्र एवढा उतार दिसत नाही, कारण त्यातला मोठा भाग दुरून आलेला, हवेत बनलेला असतो. परिणामी मोबाइलवरचा आकडा शहरभर साधारण सारखाच दिसतो, आणि सिग्नलला उभ्या माणसाच्या नाकासमोरची हवा मात्र शेजारच्या गल्लीतल्या हवेपेक्षा फार वेगळी असते.

हवा मोजणारी केंद्रंही मुद्दाम तशी ठेवलेली असतात. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सुरू केलेल्या 'सफर' यंत्रणेची केंद्रं शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, कात्रज, हडपसर, भोसरी, निगडी अशी पसरलेली आहेत. केंद्राच्या आकड्याने आजूबाजूच्या काही किलोमीटरांची हवा सांगावी अशी अपेक्षा असते, म्हणून ते थेट एखाद्या सायलेन्सरजवळ बसवत नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने हे योग्य आहे. पण तो आकडा म्हणजे आपला श्वास असं आपण समजतो, तिथे गडबड होते.

त्या आकड्याची घडणही माहीत असायला हवी. आपला हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून वापरात आहे. त्यात आठ प्रदूषकांचा विचार होतो, प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि जो सर्वांत वाईट तो जाहीर करतात. कणांसाठी धरतात ती २४ तासांची सरासरी. संध्याकाळच्या दोन तासांत चौकात कितीही धूर कोंडला तरी दुपारची मोकळी हवा त्याला खाली ओढते. शिवाय रंगांच्या पायऱ्या पाहा: ५१ ते १०० म्हणजे 'समाधानकारक', हिरवा रंग. पीएम २.५ च्या भाषेत निर्देशांक १०० म्हणजे ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेली दिवसाची मर्यादा १५ आहे. वर्षाची त्यांची मर्यादा ५, आपली २००९ पासून ४०. हिरवा रंग पाहून निर्धास्त होऊ नये ते यासाठी.

अंतराची किंमत काय असते हे लंडनच्या एला अडू-किसी-डेब्रा या मुलीच्या मृत्यूने जगासमोर आलं. लुईशम भागात साउथ सर्क्युलर या अखंड वाहत्या रस्त्यापासून जेमतेम २५-३० मीटरवर तिचं घर होतं. तीव्र दम्याने ती पुनःपुन्हा दवाखान्यात दाखल व्हायची. फेब्रुवारी २०१३ मध्ये, नऊ वर्षांची असताना ती गेली. तिच्या आईने सात वर्षं पाठपुरावा केला. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्यांदा झालेल्या चौकशीत हवेचं प्रदूषण हेही मृत्यूला कारणीभूत असल्याचा निर्णय आला. ब्रिटनमध्ये असा निर्णय पहिल्यांदाच झाला. शहराचा सरासरी आकडा त्या घराबद्दल काहीच सांगत नव्हता.

आपल्याकडे तर पोरं सायलेन्सरच्या उंचीवरच असतात. ॲक्टिव्हाच्या पुढच्या फळीवर हँडल धरून उभं राहिलेलं तीन-चार वर्षांचं मूल सिग्नलला पाहा. त्याचा चेहरा पुढच्या टेम्पोच्या सायलेन्सरपासून हाताच्या अंतरावर असतो. वजनाच्या मानाने लहान मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, आणि त्याची फुफ्फुसं अजून वाढत असतात. सिग्नल सुटतो तो क्षण सर्वांत वाईट, कारण थांबलेली गाडी उचलताना इंजिनावर सर्वांत जास्त ताण येतो आणि धूरही तेव्हाच जास्त निघतो. सारख्या वेगाने चालणारी गाडी आणि दर शंभर मीटरला थांबून सुटणारी गाडी यांच्या धुरात फार अंतर असतं. म्हणजे कोंडी आपला वेळ खाते आणि वर प्रत्येक गाडीचा धूरही वाढवते.

थंडीत यात पुण्याच्या भूगोलाची भर पडते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, आजूबाजूला डोंगर आणि टेकड्या, मधून मुळा आणि मुठा. डिसेंबरच्या निरभ्र रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, उतारांवरून खाली येऊन नदीच्या खोलगट भागात साचते. तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. शाळेच्या भूगोलात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावं तशी खालची हवा कोंडते. उन्हाळ्याच्या दुपारी धूर एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळायला मोकळा असतो, या रात्री त्याला शे-दोनशे मीटरच मिळतात. गाड्या तेवढ्याच, धूर तेवढाच, जागा दहाव्या हिश्शाची. वेताळ टेकडीवर डिसेंबरात सकाळी लवकर गेलं तर शहरावर पसरलेला करडा-तपकिरी थर आणि त्याची वरची सरळ कड स्पष्ट दिसते. टेकडीचा माथा साधारण ८०० मीटरवर असल्यामुळे आपण कधीकधी त्या थराच्या वर उभे असतो.

पहाटेची हवा शुद्ध, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. हिवाळ्यातल्या शहरात मोठ्या रस्त्याच्या कडेला ते खरं नसतं. ऊन वर आल्यावर, नऊ-दहानंतर झाकण सैल होतं. ज्येष्ठांना आणि दमेकऱ्यांना माझं सांगणं हेच: थंडीत फिरायला थोडं उशिरा जा, आणि रस्त्याच्या पदपथावर फिरण्यापेक्षा टेकडी, तळजाई किंवा बाग गाठा.

गाड्यांबद्दल बोलायचं तर सगळ्या सारख्या दोषी नाहीत. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे नव्या गाड्यांच्या धुरावरच्या मर्यादांचा सहावा टप्पा, लागू झालं, मधली बीएस-५ ची पायरी आपण गाळली. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. डिझेल मोटारींसाठी कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आणली. हे साधलं ते मुख्यतः डीपीएफ नावाच्या गाळणीने. सिरॅमिकची एक वीट, तिच्यात शेकडो बारीक चौकोनी नळ्या. एक नळी पुढून उघडी आणि मागून बंद, तिच्या शेजारची उलट. धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर राहते. साठलेली काजळी ६०० अंशांच्या आसपास जाळून टाकायची असते. इथे शहर आडवं येतं. कोथरूड ते शिवाजीनगर रांगत जाणाऱ्या गाडीचा धूर एवढा तापतच नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागतो, मग हायवेवर वीसेक मिनिटं सलग गाडी चालवावी लागते. काही जण वैतागून गाळणीच काढून टाकतात. तसं केल्यावर बीएस-६ चा शिक्का असलेली गाडी जुन्या डिझेलसारखीच काजळी टाकते, आणि काळेपणा मोजणाऱ्या तपासणीला ते बऱ्याचदा कळतही नाही. बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये वाहन तपासणीत धुरातले कण मोजणारं यंत्र आणलं. गाळणी फुटली किंवा काढलेली असली तर ते लगेच सापडतं. आपल्याकडे हे यायला हवं, कारण रस्त्यावरचा बराचसा धूर मोजक्या बिघडलेल्या गाड्यांमधून येतो.

बीएस-६ च्या आधीचे ट्रक, टेम्पो, जुन्या बस अजून रस्त्यावर आहेत आणि वर्षानुवर्षं राहतील. दुचाकी एकेकटी थोडंच सोडते, पण इथे त्यांची संख्याच लाखांत आहे. जुन्या दुचाकीतून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. असं काम पुढे ढकलू नये.

इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सर नाही, त्यामुळे चौकातली काजळी खरोखर कमी होते. पीएमपीने २०१९ मध्ये इलेक्ट्रिक बस आणल्या, तो मला या शहरात झालेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक वाटतो. टायर झिजणं मात्र थांबत नाही, गाडी जड असल्याने थोडं वाढूही शकतं. ब्रेकचा चुरा कमी होतो, कारण वेग कमी करताना मोटरच उलटी वीज बनवते. आणि ती वीज बरीचशी कोळशाची, म्हणजे चंद्रपूर आणि कोराडीच्या वीजकेंद्रांच्या चिमण्यांची. पुण्याची हवा सुधारताना चंद्रपूरच्या माणसांचा हिशेब सुटता कामा नये.

स्वतःपुरतं करता येण्यासारखं थोडं आहे. डेक्कनहून लॉ कॉलेज रस्त्याकडे पायी जायचं तर कर्वे रस्त्याच्या कडेपेक्षा प्रभात रस्त्याच्या आतल्या गल्ल्या बऱ्या. सिग्नलला बसच्या किंवा टेम्पोच्या थेट मागे थांबू नये. चारचाकीत कोंडीच्या वेळी आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबावं, मधूनमधून बाहेरची घ्यावी. रोज तासभर दुचाकीवर असाल तर नीट बसणारा एन ९५ वापरावा. घर मोठ्या रस्त्यावर असेल तर त्या बाजूच्या खिडक्या गर्दीच्या वेळी बंद ठेवाव्यात.

पण वाहतूक पोलीस, रिक्षावाले, चौकातले फुलवाले, पंपावर पेट्रोल भरणारी मुलं, रस्ता झाडणाऱ्या बायका यांना यातलं काहीच निवडता येत नाही. आठ-दहा तास, उन्हात, एन ९५ लावून शिट्टी वाजवत उभं राहणं शक्य नाही. त्यांच्यासाठी उपाय एकच: रस्त्यावरचा धूरच कमी व्हायला हवा. पन्नास माणसं एका बसमध्ये बसली तर तीस-चाळीस दुचाकी चौकात येत नाहीत. देशात सर्वांत आधी बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू करणाऱ्या शहरांपैकी पुणे एक, २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर. तो मार्ग धड चालवला नाही, आणि अलीकडे नगर रस्त्यावरच्याही काही भागातली मार्गिका उखडली. मेट्रो २०२२ पासून धावते आहे, पण स्टेशनपासून घरापर्यंत नेणारी बस दर दहा मिनिटांना नसेल तर माणूस गाडीच काढतो. बस वाढवणं हे प्रदूषणाचंच काम आहे आणि शुद्ध हवेच्या निधीतून त्यावर भरपूर खर्च व्हावा, अशी मागणी प्रभागातल्या प्रत्येकाने नगरसेवकाकडे करायला हवी. त्याच्या जोडीला शाळांच्या फाटकांजवळ, मुलांच्या उंचीवर कण मोजणारी यंत्रं बसवावीत. शाळा सुटायच्या वेळी बाहेर थांबणाऱ्या व्हॅन आणि गाड्यांची इंजिनं बंद ठेवायला लावणं मात्र पालकसभेच्या एका ठरावाने होऊ शकतं, त्यासाठी महापालिकेची वाट बघावी लागत नाही.